दळण टाकलं, पण निरोप कुणाला?

मंडळी, मागच्या आठवड्यात आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका पोराने विचारलं, "ट्राय-कॅच तर लिहिलंय, मग एरर त्यात सापडत का नाही?" उत्तर दोन मिनिटांत देऊन झालं, पण त्यामागचा इतिहास बराच लांबलचक आहे. तोच आज सांगतो. कोडची एकही ओळ नाहीये, तेव्हा बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही :)

मे १९९५. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. वेबपानावर ही भाषा एका वेळी एकच काम करते. माऊसची क्लिक, टायमर, जे काही घडेल ते रांगेत उभं राहतं, आणि हातातलं काम संपल्याशिवाय पुढच्याला कुणी विचारत नाही. काम लांबलं की अख्खं पान गोठतं. फॉर्म तपासायचा, चित्र बदलायचं, एवढ्यापुरतं हे ठीक होतं.

पुढची गोष्ट मायक्रोसॉफ्टमधली. आउटलुकची वेब आवृत्ती बनवणाऱ्यांना पान पुन्हा लोड न करता मेल आणायची होती. त्यांच्यातल्या अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी त्यासाठी एक घटक लिहिला. पण इंटरनेट एक्सप्लोरर ५ बाहेर पडायच्या बेतात होता, नवीन काही घुसवायला जागा नव्हती. मग तो एक्सएमएलच्या लायब्ररीत बसवला आणि नाव पडलं एक्सएमएलएचटीटीपी. एक्सएमएलशी फारसा संबंध नसताना ते नाव आजतागायत चिकटून आहे! हे मार्च १९९९ चं. जून २००२ मध्ये आलेल्या मोझिला १.० मध्येही तशीच सोय होती. मग २००४ साली जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं. त्यातला पहिला 'ए' म्हणजे असिंक्रोनस.

असिंक्रोनस म्हणजे काय? गिरणीत दळण टाकण्यासारखं. डबा ठेवायचा, "झालं की सांगा" म्हणायचं आणि बाकीची कामं उरकायला निघायचं. गिरणीसमोर तासभर उभं राहायचं नाही. "झालं की सांगा" हा जो निरोप, तो म्हणजे कॉलबॅक.

बरं, आता खरी गोम. दळण बिघडलं तर? साध्या कोडमध्ये एखादं फंक्शन फसलं की एरर त्याला हाक मारणाऱ्याकडे परत जाते, तिथून त्याच्या वरच्याकडे. कुणीतरी ती झेलतोच. पण कॉलबॅक चालतो तेव्हा हाक मारणारा केव्हाच निघून गेलेला असतो. त्याचं ट्राय-कॅचही त्याच्याबरोबर गेलेलं. परत जायला पत्ताच उरत नाही. कॉलबॅकची उतरंड वाचायला कठीण म्हणून लोकांनी खूप बोटं मोडली, पण माझ्या मते ते दुखणं वरवरचं. हरवलेला पत्ता हे मूळ दुखणं.

२००९ मध्ये रायन डाल यांचं नोड आलं आणि हीच पद्धत सर्व्हरवर गेली. तिथे एक शिरस्ता पडला, कॉलबॅकचा पहिला पॅरामीटर कायम एररचा. चांगलंच आहे, पण तो बघायची सक्ती कुणावरच नाही. मी एकदा कुणाचं तरी जुनं पेमेंटचं पान सांभाळलंय (नाव नको!). बँकेकडून नकार आला की एरर मुकाट्याने गिळली जायची. ग्राहक गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचा आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही.

गंमत म्हणजे यावरचं उत्तर जावास्क्रिप्टच्या जन्माआधीच तयार होतं. 'प्रॉमिस' हा शब्द फ्रीडमन आणि वाइज यांनी १९७६ मध्ये वापरला. १९८८ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी त्याला नीट आकार दिला. कामाच्या बदल्यात लगेच एक पावती मिळते. नंतर ती दाखवली की एक तर उत्तर हातात पडतं, नाहीतर एरर. म्हणजे एररला पुन्हा पत्ता मिळाला.

वेबवर हे अर्धवटच पोचलं. जानेवारी २०११ च्या जेक्वेरी १.५ मध्ये पावती होती, पण तिच्या कॉलबॅकमध्ये एरर फेकली तर ती साखळीत पुढे सरकत नसे. ऑक्टोबर २०१२ मध्ये डोमेनिक डेनिकोला यांनी एका लेखात यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की, प्रॉमिस म्हणजे कॉलबॅक सुबक रचायची युक्ती नव्हे, तर उत्तर परत देणं आणि एरर फेकणं या गमावलेल्या दोन गोष्टी परत मिळवणं. मला ते शंभर टक्के पटतं. जेक्वेरीने ही दुरुस्ती केली ती थेट ३.० मध्ये, जून २०१६ ला.

तोवर २०१५ च्या प्रमाणात प्रॉमिस भाषेतच आलं होतं. २०१७ मध्ये असिंक-अवेट आलं. ही शब्दांची जोडी सी-शार्पमध्ये २०१२ पासून होती. आता तेच जुनं ट्राय-कॅच पुन्हा चालायला लागलं, फक्त आत 'अवेट' लिहायला हवं. आमच्या पोराने नेमकं तेच लिहिलं नव्हतं.

आणि पावती कुणी दाखवलीच नाही तर? नोडमध्ये सुरुवातीला अशी एरर गुपचूप विरून जायची. २०१६ मध्ये नोड निदान इशारा छापायला लागलं. ऑक्टोबर २०२० च्या नोड १५ पासून मात्र न झेललेल्या एररवर अख्खी प्रोसेसच बंद पडते. काही जणांना हे जरा जास्तच वाटलं. मला विचाराल तर त्या पेमेंटच्या पानावर हे असतं तर पहिल्याच दिवशी फोन वाजला असता.