वर्गणीतून उभी राहिलेली हमी

श्रावण सरत आला की आपल्या गल्लीत वर्गणीची पावतीबुके फिरू लागतात. कोणी पाचशे देतो, कोणी एकावन्न. मांडव मात्र सगळ्यांचा होतो. रिकाम्या हातांना काम मिळावे म्हणून महाराष्ट्रात एकदा अशीच वर्गणी उभी राहिली. तिचे मूळ आपल्या निपाणीपासून शंभरेक किलोमीटरवर, तासगाव तालुक्यात आहे.

वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. ते सांगली जिल्ह्यातले. सुगी आटोपली की कोरडवाहू गावातला मजूर कित्येक महिने हातावर हात ठेवून बसतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मागेल त्याला काम द्यायचे, हा प्रयोग १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या काही गावांत झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. रोजगार हमी योजना राज्यभर आली ती याच काळात. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो भरायचा. मोटारी आणि बागायती जमिनी यांच्यावरही थोडा भार आला. जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. कामही एकाच खात्याचे नव्हते. आखणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, कामे काढायची पाटबंधारे, बांधकाम, वन, कृषी या खात्यांनी आणि जिल्हा परिषदेने. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

आपण १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. त्यामुळे दूधगंगेपलीकडच्या कागलच्या मजुराला १९७९ मध्ये मिळालेला हक्क अलीकडच्या कोगनोळीच्या मजुराला मिळाला नाही. पाऊस दोघांचा एकच, राज्ये दोन. १९८९ मध्ये केंद्राची जवाहर रोजगार योजना आली. तिच्यात केंद्राचे ८० टक्के, राज्याचे २० टक्के आणि कामे पंचायतीमार्फत. निधी असेल तोवर काम निघे. ते हक्काने मागता येत नसे. तो हक्क २००५ च्या केंद्रीय कायद्याने दिला आणि २००७ मध्ये तो आपल्या बेळगाव जिल्ह्यात पोचला. एक नदी ओलांडायला हमीला २८ वर्षे लागली!

या कायद्यात वर्षाला १०० दिवसांचे काम होते. मजुरी केंद्राची, साहित्याचा चौथा हिस्सा राज्याचा आणि निम्मी तरी कामे ग्रामपंचायतीची. कागदावर चोख, पण कन्नड नोंदीत नाव एका तऱ्हेने आणि बँकेच्या खात्यावर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून घामाचे पैसे महिनोन्महिने अडकलेले आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी ती बाई कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. आम्ही स्वतः सरकारी नोकर, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण खरे ते खरे.

आमच्याही पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जातो. पूर्वी ती कपात पाहून आम्ही कुरकुरत असू. पलीकडे याच कराने कित्येक घरांतली चूल पेटती ठेवली, हे कळल्यापासून कुरकुर थांबली.

आपल्या मंडळात दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणारी माणसे पुष्कळ आहेत. विसर्जनाआधीची एक संध्याकाळ मांडवात टेबल मांडून बसू या आणि मजुरांचे कागद तपासून देऊ या. यंदाच्या वर्गणीत एवढी भर आपल्याला घालता येईल.

गणपती बाप्पा मोरया!