महारकी : चार पेडांचा दोर

समाजशास्त्राच्या पुस्तकात चार धडे वेगवेगळे असतात. कुटुंब, शिक्षण, श्रम, सत्ता. पोरं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क घेतात. कुटुंब म्हणजे माया आणि संस्कार. शिक्षण म्हणजे वर चढायची शिडी. श्रम म्हणजे ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे वाटून घेतलेलं काम. सत्ता म्हणजे लोकांनी मानलेला अधिकार. वाचायला बरं वाटतं. पण पुस्तक लिहिणारा एकदा महारवाड्यात येऊन बसला असता, तर हे चार धडे वेगळे लिहायला त्याचा हात धजला नसता. आपल्याकडं हे चारही एकाच दोराचे पेड होते. दोर वळणाऱ्या मांगाला विचारा. तो सांगंल, सुटा पेड पोरगंसुद्धा तोडतं, पीळ बसला की बैलालाही तुटत नाही.

त्या दोराचं नाव महारकी. सरकारी कागदावर तिलाच वतन म्हणत.

वतन! केवढा भारदस्त शब्द. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, तसं महाराचंही वतन. म्हणून तर आपल्यातले काही म्हातारे अंगावर धड कापड नसताना छाती काढून सांगायचे, आम्ही वतनदार. बिदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिले, ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. पण हक्क म्हणून हातात काय पडायचं? मेलेलं जनावर, खळ्यावरचं बलुतं, लग्नामर्तिकातलं उरलंसुरलं आणि दारोदार मागितलेली भाकर. बेडीलाच दागिना म्हणायला लावणं, ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी हुशारी.

पहिला पेड कुटुंबाचा. १८७४ साली इंग्रज सरकारनं वंशपरंपरागत गावकामगारांचा कायदा केला. पेशवाई जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती. नवं राज्य, नवे साहेब, कोर्टकचेऱ्या, आगगाडी. पण महाराच्या वाट्याला आला जुनाच दोर, आता त्याच्यावर सरकारी शिक्का. बाप महार म्हणून पोरगा महार, म्हणून पोराचं काम महारकी. समाजशास्त्रात याला प्रदत्त दर्जा म्हणतात. जन्मानं चिकटलेला. पण इथं जन्मानं नुसता दर्जा चिकटत नव्हता, नोकरीही चिकटत होती. राजीनामा द्यायची सोय नसलेली नोकरी.

आणि ती एकट्याची नोकरी नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात हेच उघडं करून दाखवलं. पाळीचा माणूस घरी नसला तर बापानं राबायचं. बाप नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी, बाईमाणसानंसुद्धा. पगार नाव घ्यायलाही लाज वाटावी इतका, आणि राबणूक मात्र अख्ख्या घराची. वतनाची जमीन, हाडकी-हाडवळा, सगळ्या भावकीत सामाईक. घरं वाढत गेली, तुकडे बारीक होत गेले. जमीन विकता येत नाही, तिच्यावर पोट भरत नाही आणि तिच्यापायी गावही सुटत नाही.

अशा घरात संस्कार कोणते होणार? आई पोराला बोलायला शिकवते, तशी आपली आई पोराला गप बसायला शिकवायची. सावली कुठं पडंल, पाय कुठं थांबंल, जोहार किती वाकून घालायचा. मायेपोटीच शिकवायची ती. न शिकवावं तर पोरगं मार खाऊन येणार. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. घरावर छप्पर नाही अशा ठिकाणी आपल्या बाया बाळंत होतात, हे तिनं लिहिलं. कुटुंब या धड्यात हे वाक्य कुठल्या पुस्तकानं घेतलं?

दुसरा पेड शिक्षणाचा. महार अडाणी होता असं म्हणतात. ते खरं नाही. गावाच्या शिवेचा दगड न् दगड त्याला ठाऊक. बांधावरून भांडण लागलं की हद्द सांगायला महारालाच बोलवायचे, त्याचा शब्द प्रमाण मानायचे. सरकारी खजिना तालुक्याला पोचवणारा तोच, सांगावा नेणारा तोच, रात्री वेशीवर जागणारा येसकर तोच. एवढं जाणणारा माणूस अडाणी कसा? फरक एवढाच, महाराचं जाणणं तोंडी होतं आणि कुलकर्ण्याचं जाणणं दप्तरात होतं. तोंडातलं ज्ञान माणसाबरोबर मातीत जातं. दप्तरातलं ज्ञान कोर्टात पुरावा होतं. आमची हद्द आम्हीच दाखवायची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं चढायचं, ही करामत अक्षराची.

म्हणून अक्षरापाशी पहारा कडक. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला घेतलं नाही. पोरगं धीट. त्यानं थेट सरकारकडं अर्ज केला. सरकारनं हात झटकले. एका पोराला घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील, ही सबब. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी सांगितलं, की सरकारचा महसूल येतो राबणाऱ्या रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या जातींच्या पोरांवर. बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती.

जिथं महारकीचा दोर पोचत नव्हता तिथं काय झालं, तेही बघा. इंग्रजांच्या पलटणीत महार शिरला. तिथं शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं. त्या पलटणीतून रामजी सुभेदार निघाले, पलटणीच्या शाळेत मास्तर झाले, आणि त्यांच्या पोटी बाबासाहेब. गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतूनच पेन्शन घेऊन आलेले. काम बदललं, तशी एका पिढीत अक्षरं आली. अक्षरं आली, तसे अर्ज-विनंत्या सुरू झाले. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महारांची लष्करभरती बंद झाली. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली त्याविरुद्ध अर्ज केला तो केवळ पगारासाठी नव्हता. एक दार बंद होताना मागची तीन दारंही बंद होतात, हे त्या माणसांना कळलं होतं.

तिसरा पेड कामाचा. जातीची भलावण करणारे सांगतात, जात म्हणजे श्रमविभागणी. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात याचा निकाल लावला. जात ही श्रमाची विभागणी करून थांबत नाही, ती राबणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, आणि तीही एकावर एक उतरंड रचून. याचा दाखला खेड्यातच शोधायला नको, मुंबईच्या गिरणीत सापडतो. यंत्राला जात कुठली? पण विणखात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, म्हणून तिथं अस्पृश्याला मज्जाव. आणि जास्त पगार नेमका विणखात्यात. लाल बावट्याखाली एकत्र मोर्चा काढणाऱ्यांनाही एक धोटा चालत नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. पोट एक, मालक एक, तरी थुंकीची जात वेगळी.

आणि गिरणीत पोचलेला तरी सुटला होता का? गावात वतन होतंच. पोरगा मुंबईच्या चाळीत, पाळी मात्र गावच्या वहीत. त्याच्या जागी म्हातारा बाप राबायचा, नाहीतर घरची बाई.

चौथा पेड सत्तेचा. गावात सत्ता कशी दिसायची? महाराला बोलवायला कामाची यादी लागत नव्हती. पाटलानं हाक मारली की काम. मामलेदार आला की काम. साहेबाचा घोडा धरा, सरपण फोडा, सामान डोक्यावर घ्या. दिवसरात्रीचा हिशेब नाही. कामाला हद्द नसणं हीच खरी सत्ता. म्हणूनच १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी कौन्सिलात जे बिल मांडलं त्याच्या मागण्या वरवर साध्या वाटतात. काम काय ते ठरवून द्या. बलुतं दारोदार मागायला लावू नका, रोख पट्टी करून सरकारनं वसूल करा. ज्याला वतन नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि चाकरीतून मोकळं करा. यात क्रांती कुठं आहे? आहे! भाकर मागणारा हात पगार मोजून घ्यायला लागला की तो जोहार कशाला घालील? हे सभागृहाला बरोबर कळलं. बिल समितीकडं गेलं, तिथं त्याचे लचके तोडले गेले, आणि १९२९ साली बाबासाहेबांना ते मागं घ्यावं लागलं.

त्यांनी प्रश्न सोडला नाही. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पुन्हा बिल. १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यात हरेगावला महार-मांग-वेठियांची परिषद, कारण सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवली होती. एकीकडं फुकट राबवायचं आणि दुसरीकडं त्याच जमिनीवर कर वाढवायचा. १९५० साली घटनेनं वेठबिगारीवर बंदी घातली. तरी वतन कायद्यानं जायला १९५८चा कायदा यावा लागला, आणि तो अंमलात आला १ ऑगस्ट १९५९ला. तोवर बाबासाहेब हयात नव्हते. कुलकर्ण्याचं वतन १९५०च्या कायद्यानं गेलं होतं, पाटीलकी गेली १९६२च्या कायद्यानं. कुलकर्णी सुटला तेव्हा त्याच्याजवळ अक्षर होतं, पाटील सुटला तेव्हा त्याच्याजवळ जमीन होती. महार सुटला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं?

जमीन परत मिळणार होती, पण आकाराच्या पटीत पैसे भरून, मुदतीत. नंतरही ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ज्या घरात नोटीस वाचणारं कुणी नाही, त्या घराला मुदत कशी कळायची? ज्याला बलुत्यात दाणे मिळायचे, त्यानं रोख कुठून आणायची? आणि अर्ज घेऊन जायचं कुठं, तर त्याच तलाठ्याच्या दप्तराकडं. बघा, कामाचा पेड कायद्यानं तुटला, पण बाकीच्या तीन पेडांचा पीळ तसाच. म्हणून तर दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांसाठी सत्याग्रह करावे लागले, आणि १९६४-६५ साली माणसं लाखोंनी तुरुंगात गेली.

उलटंही बघा. मराठवाड्यात इंग्रजांचा कायदा नव्हता, राज्य निजामाचं होतं. गावकी मात्र तीच. तिथं १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं आणि शिक्षणाचा पेड तुटायला लागला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. विद्यापीठ शहरात, आणि जळाल्या खेड्यातल्या झोपड्या. का? ज्या घरातला पोरगा कॉलेजात गेला, त्या घरानं गावकी सोडली होती, हात पसरणं सोडलं होतं. आग नावाला लावली नव्हती, सुटलेल्या हाताला लावली होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

तेव्हा मित्रहो, आपली प्रगती मोजताना एकेक पेड वेगळा मोजू नका. पोरगा बी.ए. झाला, पण काम कुणाच्या दारात मागतो ते विचारा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३पासून गावागावात राखीव सरपंच बसले, पण सरपंचाची बायको उद्या कुणाच्या वावरात खुरपायला जाणार ते विचारा. नोकरी लागली, पण घरात पोरीला किती शिकू दिलं तेही विचारा. हा शेवटचा सवाल आपल्याच घरचा आहे, त्याला पाटील-कुलकर्णी उत्तर देणार नाहीत. बाबासाहेबांनी शाळा, पक्ष, मजुरांचा लढा आणि धर्मांतर अशी चार कामं विस्कळीत हाती घेतली नव्हती. चारही पेडांवर एकदम कोयता चालवल्याशिवाय हा दोर तुटत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुस्तकातले धडे वेगळे असू देत. परीक्षेला तसेच लिहा, मार्क घ्या. पण घरी येऊन चारही धडे एकत्र शिवा आणि मग वाचा. आपल्या आज्याच्या गळ्यात काय होतं ते तेव्हाच दिसंल.