जुन्या भिंगाला स्थळ

दिवाळीची साफसफाई म्हणजे घराच्या इतिहासाचे उत्खननच! गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेतून काकांच्या कॅमेऱ्याचे भिंग निघाले. जपानी निक्कोर, ५० मिलिमीटरचे. कॅमेरा गंजून गेला होता, पण भिंग पुसताच लख्ख झाले. घरातल्या लग्नमुंजींचे सारे फोटो याच डोळ्याने टिपलेले. तुळशीचे लग्न लागले, लोक स्थळे पाहू लागले, तशी या भिंगालाही एखादी साजेशी बॉडी पाहावी असे मनाने घेतले. पण स्थळ पाहायचे तर आधी कुळाची माहिती हवी.

१९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लाइट्झ कारखान्याने ऑस्कर बार्नाक यांचा ‘लायका’ मांडला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावे, पण अंतर अदमासाने जुळवावे लागे. समोरचा माणूस दहा फुटांवर की बारा, हे ज्याचे त्याने ठरवायचे! १९३२ च्या लायकात भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर आला आणि ही पंचाईत सुटली. झरोक्यातून माणसाच्या दोन प्रतिमा दिसत. भिंग फिरवून त्या एकमेकींवर आणल्या, की फोकस साधला.

तरी एक उणीव राहिलीच. झरोका वेगळा, भिंग वेगळे. भिंगाला जे दिसे ते आपल्याला दिसत नसे. ड्रेस्डेनला १९३६ साली निघालेल्या ‘किने एक्झाक्टा’त भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावरून वरच्या दुधी काचेवर पडे. मात्र मान खाली घालून पाहावे लागे, आणि डावे-उजवे उलटे दिसे. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्याच ‘कॉन्टॅक्स एस’ने माथ्यावर पंचकोनी लोलक बसवला. चित्र सुलटे झाले आणि कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. १९५९ च्या ‘निकॉन एफ’ने ही रचना जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांच्या हाती दिली.

खरे मर्म त्या दुधी काचेत आहे. पुढे तिच्या मधोमध दोन चिमुकले तिरपे लोलक बसवू लागले. फोकस चुकला असेल तर दाराची उभी चौकट मधेच तुटलेली दिसते. भिंग फिरवत गेले की ती सांधते. डोळ्याला याहून सोपे काम ते कोणते?

१९८५ साली मिनोल्टाच्या ‘मॅक्झम ७०००’ने हे काम बॉडीतल्या यंत्राकडे सोपवले. डोळ्याचे काम गेले, तशी काचही बदलली. अशा कॅमेऱ्यांतून बहुधा ते लोलक गेले. आरशातून थोडा प्रकाश यंत्राकडे वळला. काच उजळ झाली, पण मोठ्या तोंडाच्या भिंगाचे खरे धूसरपण तिच्यात पुरते दिसेना. म्हणजे नव्या जमान्याची श्रीमंत बॉडी हे जुन्या भिंगाला सुखाचे सासर असेलच असे नाही! १९८७ मध्ये कॅननने तर भिंग अडकवण्याची बैठकच बदलली आणि जुनी एफडी भिंगे उंबऱ्यावरून परत फिरली. निकॉनने बैठक तीच ठेवली.

तेव्हा आधी पाहावी ती बैठक. निकॉनमध्ये तिच्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर, एफडीत ४२. एफडी भिंग नुसते कडे लावून निकॉनवर बसवले, तर दूरचे डोंगर कधीच रेखीव होत नाहीत. मग झरोका. तो मोठा हवा, आणि मधोमध ती तुटकी रेघ हवी. शेवटी नात्यातली गुंतागुंत. निकॉनने १९७७ साली भिंग आणि प्रकाशमापक यांच्या जोडणीची रीत बदलली. आमचे भिंग त्याआधीचे. १९८२ च्या ‘एफएम२’वर ते चढवू गेले तर बॉडीची जोडकळ दुखावण्याची धास्ती. १९७७ च्या ‘एफएम’मध्ये मात्र ही कळ दुमडून बाजूला सारता येते. प्रकाश मोजताना भिंगाचे छिद्र लहान करून पाहावे लागते खरे, पण बॅटरी लागते ती तेवढ्या मोजणीपुरतीच. बाकी सारे निव्वळ यंत्र.

स्थळ पसंत पडले. जुन्या बाजारातून ‘एफएम’ घरी आला.

यंदा गौरीच्या दिवशी काकूंना समईपाशी बसवले. झरोक्यात त्यांच्या चष्म्याची कड दुभंगलेली दिसत होती. मी भिंग हळूहळू फिरवू लागलो. उजेड कमी, त्यात हाताला सवय नाही. कड जुळे आणि पुन्हा निसटे. इतका वेळ काकूंच्या चेहऱ्याकडे मी कैक वर्षांत पाहिले नव्हते. अखेर रेघ सांधली.

“किती वेळ बघतोस रे?” काकू म्हणाल्या, आणि मग हसून, “हेही असेच बघत बसायचे.”

तेवढ्यात मी कळ दाबली.