नैसर्गिक काठाचे लाकडी वाडगे

झाडाच्या ओंडक्याची बाहेरची, सालीकडची बाजू काठ म्हणून जशीच्या तशी राखून लेथवर कातलेले वाडगे. तडे गेलेले, गाठाळ, किडीने पोखरलेले किंवा कवक लागलेले लाकूड सुतार सहसा बाजूला टाकतो. या कामात त्यालाच मागणी असते. अमेरिकेत मेल्विन लिंडक्विस्ट (१९११–२०००) व त्यांचे पुत्र मार्क यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा लाकडाला कलावस्तूचा मान मिळवून दिला. कवकांमुळे लाकडात उमटणाऱ्या काळ्या, नागमोडी रेषा त्यांनी दोष न मानता मुद्दाम दर्शनी ठेवल्या.

ओंडका उभा चिरून मधले भेंड काढून टाकतात, कारण तडे बहुधा तिथूनच फाकतात. अर्ध्या ओंडक्याची सालीकडची बाजू वाडग्याचे तोंड होते. ही बाजू मुळात कमानदार असल्याने काठ दोन ठिकाणी उंच आणि दोन ठिकाणी खोल असा लहरतो. फिकट रसकाष्ठ आणि गडद मध्यकाष्ठ यांची सीमा त्या लहरीसोबत धावते. या घाटाचे खरे सौंदर्य तिथे आहे. साल टिकवायची असेल तर झाडाची वाढ थांबलेली असताना, थंड प्रदेशात म्हणजे हिवाळ्यात, तोडलेले लाकूड घेतात. सैल सालीत पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद मुरवतात.

कातताना काठाशी पटाशीला आळीपाळीने लाकूड आणि हवा लागते. पटाशी आत दाबली की ती पोकळीत घुसते आणि पुढच्या उंचवट्यावर आपटते. म्हणून पात्याचा उतार टेकवून, हात स्थिर ठेवून, हलके काप घेतात. फिरणारा काठ नजरेला धूसर दिसतो, त्यामुळे बोटे त्याच्यापासून लांबच हवीत. काठाकडचा भाग आधी पुरा करतात, कारण ओले लाकूड पातळ झाले की लगेच वाकू लागते. भिंत सर्वत्र सारख्या जाडीची ठेवली तर वाळताना तडकण्याचा धोका घटतो. लाकूड धाग्यांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण त्यांच्या आडव्या दिशेने बरेच आकसते, म्हणून वाडगे किंचित लांबट होते.

दोष चालतो, पण प्रत्येक दोष नाही. तळापर्यंत गेलेला तडा असलेला तुकडा लेथवर फुटून उडू शकतो. तो चढवूच नये. तोंडावर पूर्ण संरक्षक ढाल हवी, आणि कवक लागलेल्या लाकडाची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून चांगला मास्कही. छिद्रे आणि साल यांत ओलावा साचतो, त्यामुळे अशी वाडगी ओल्या पदार्थांऐवजी सुकामेव्यासाठी किंवा नुसती पाहण्यासाठी ठेवतात.