तळटीप १२ : मला न विचारता माझा बाप्तिस्मा का?

१२. बाप्तिस्मा (स्नानसंस्कार) : कपाळावर तीनदा पाणी ओतून दिला जाणारा पहिला संस्कार. जळगाव-धुळ्याची कॅथलिक मंडळी १९८७मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडते. खानदेशात अलायन्स मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळ्याही जुन्या आहेत. तिथे माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा होतो. त्यामुळे शेजारच्या मैत्रिणीकडे पाहून कॅथलिक मूल हा प्रश्न विचारतं. त्याला गप्प बसवू नये. उत्तर विधीतच आहे.

विधी चर्चच्या दाराशी सुरू होतो. फादर आधी बाळाचं नाव विचारतात. मग ते स्वतः, आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. बाळाला बोलता येण्याआधीच मंडळीने त्याला आपलं म्हटलेलं असतं. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून त्याची मेणबत्ती पेटवली जाते आणि ती ज्योत जपण्याची जबाबदारी मोठ्यांवर येते. पुढे दृढीकरणाच्या वेळी मूल स्वतःच्या तोंडाने होकार देतं.

हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. वडिलांची भुसावळहून बदली झाली, तरी नोंद मूळ चर्चच्या वहीतच राहते. दृढीकरण आणि लग्नही त्याच नोंदीपुढे लिहिलं जातं. मुलाला ती ओळ जरूर दाखवावी. सोबत हेही सांगावं, की बाप्तिस्मा न झालेला वर्गमित्रही देवाला तितकाच लाडका आहे. दुसऱ्याला परकं ठरवून आलेलं आपलेपण ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. — संपादक