उजाडलं की जाऊ

हा कुणा एकाचा घटनाक्रम नाही. पणदऱ्यासारख्या ऊसपट्ट्यात पावसाळ्याच्या रात्री मण्यार चावला, की बहुधा असंच घडत जातं. घड्याळाचे काटे तेवढे मागेपुढे.

रात्री २.००. वस्तीवर जमिनीलाच अंथरूण. मण्यारचे दात बारीक. सूज नाही, ठणका नाही. मुंगी असेल म्हणून गडी कूस बदलतो.

३.१५. पोटात कळ. "रातचं बाधलं असंल." ओवा, गरम पाणी. मण्यारच्या विषाची सुरुवात पुष्कळदा पोटदुखीनंच होते. पण साप दिसलाच नाही त्या घराला हे सुचावं कसं?

४.००. उलटी. "उजाडलं की जाऊ."

४.४०. पापण्या मिटायला लागतात. "डोळा लागलाय त्यांचा, निजू द्या." अख्ख्या रात्रीतलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. ही झोप नव्हे, लकवा आहे. डोळे उघडत नाहीत, पण माणूस शुद्धीवर असतो. आपल्याविषयी काय चाललंय ते सगळं ऐकत असतो.

५.१०. चहाचा घोट नाकातून परत. आता १०८. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. "लई सिरियस हाय, लवकर या!" पलीकडून विचारणा: श्वास कसा चाललाय? कुठली वस्ती, कुठून वळायचं? इकडून पुन्हा "लवकर या". पापण्या उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, हे मात्र कुणीच सांगत नाही.

५.५०. आरोग्य केंद्र. "किती वाजता चावलं?" "रातचं कवातरी." सर्पदंशाच्या लशीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू होतात. लहान मूल असो की मोठा माणूस, मात्रा तीच. साप काही वजन बघून विष सोडत नाही. पण लस रक्तात फिरणारं विष आवरते. मज्जातंतूंच्या टोकांचं झालेलं नुकसान तिला लगेच भरून काढता येत नाही. ३.१५ला हीच लस मिळती, तर गोष्ट वेगळी होती.

६.३०. नीरा-बारामती रस्ता, रुग्णवाहिका बारामतीकडे. छाती हलेनाशी होते. खासगी जीप असती, तर "गेला" म्हणून इथूनच माघारी वळली असती. मण्यारचा लकवा मात्र उतरतो. मज्जातंतूंची टोकं पुन्हा सावरतात, त्याला काही दिवस लागतात. गाडीतल्या डॉक्टरांनी हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत ठेवली, तर गडी व्हेंटिलेटरपर्यंत पोचतो. बॅग नसेल, तर हातात उरतात चार-पाच मिनिटं.