धूर, मच्छरदाणी, मलम : डासाला दूर ठेवण्याच्या निवडीचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरातील कोणत्याही किराणा दुकानात पावसाळ्यात एकाच फळीवर चार वस्तू शेजारी शेजारी दिसतात : हिरवे वेटोळे, विजेवर चालणारी द्रवाची कुपी, अंगाला लावायचे मलम आणि घडीची मच्छरदाणी. गिऱ्हाईक किंमत पाहून त्यांतील एक उचलते. वास्तविक निवड किमतीवर नव्हे, तर डास कोणता आणि तो केव्हा चावतो यावर व्हायला हवी. माणसाला हे उमगू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्या शोधातील एक महत्त्वाचे स्थळ औरंगाबाद ज्या संस्थानात होते त्याच संस्थानात आहे.

त्यापूर्वीचा मुख्य आधार होता धूर. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात डासांचे पाच प्रकार सांगितले आहेत : सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय. त्याच संहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूप दिवसातून दोनदा द्यावा असेही सांगितले आहे. गंमत अशी, की त्या धुपाचा रोख डासांवर नसून निशाचर भुताखेतांवर होता. मराठवाड्यातील गोठ्यांत तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आजही होतो, तो मात्र डासांसाठीच. धुराने डास गोंधळतो, दूर सरतो. धूर विरला की परततो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी निजामाच्या राज्यातील सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने एका डासाचे जठर सूक्ष्मदर्शकाखाली उघडले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला हे डास चाववून घेतले होते; त्याबद्दल त्याला प्रत्येक डासामागे एक आणा मिळे. ठिपकेदार पंखांच्या त्या डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. ताप दलदलीच्या दूषित हवेतून येतो, ही युरोपातील शतकानुशतकांची समजूत त्यानंतर टिकणे अवघड होते. पुराव्याची उरलेली साखळी पुढच्या दोन वर्षांत रॉस आणि इटालियन संशोधकांनी पूर्ण केली. रॉसचे नाव सर्वांना ठाऊक असते. एक आण्यासाठी हात पुढे करणाऱ्या हुसेन खानाचे फार थोड्यांना.

मग प्रश्न उरला बचावाचा. १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमजवळच्या कुप्रसिद्ध तापाच्या प्रदेशात जाळी लावलेली एक लाकडी झोपडी उभारली. साम्बन आणि लो हे दोन डॉक्टर हिवतापाच्या ऐन हंगामात तिथे राहिले. दिवसभर ते मोकळे हिंडत, त्याच हवेत श्वास घेत. सूर्यास्ताला आत जात आणि सूर्योदयालाच बाहेर येत. क्विनीन घेतले नाही, तरी ताप आला नाही. जाळी उपयोगी ठरली, कारण हिवतापाचा डास रात्रीचा आहे. या यशात घड्याळाचा वाटा जाळीइतकाच होता.

पलंगाभोवती जाळी लावता येते. चालत्या सैनिकाभोवती कशी लावणार? दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हा प्रश्न जीवघेणा झाला. जनरल स्लिम यांनी नोंदवले आहे, की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक सैनिकामागे आजारी होऊन आलेले १२० असत, आणि हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्याच्या ८४ टक्के होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली, ती याच तापाच्या मुलखात. स्लिम यांनी मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीच्या केल्या, सूर्यास्तानंतर बाह्या खाली घेण्याचा हुकूम काढला आणि शिस्त न पाळणाऱ्या पलटणींच्या काही अधिकाऱ्यांना घरी पाठवले. अंगाला लावायची रसायनेही याच युद्धात जोमाने तपासली गेली. अमेरिकी सैन्याने डायमिथाइल थॅलेट सहा भाग आणि आणखी दोन रसायने दोन-दोन भाग असे मिश्रण वापरले. १९४६ मध्ये त्याच शोधातून ‘डीट’ तयार झाले. चष्म्याची प्लॅस्टिकची चौकट विरघळवणारे हे रसायन कातडीवर मात्र चालते, आणि १९५७ पासून ते सामान्य लोकांना मिळू लागले. भारतात ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने याच कुळातील ‘डेपा’ हे रसायन सैनिकांसाठी विकसित केले.

त्याच १९४६ साली मुंबई इलाख्यात कारवार आणि धारवाड भागांत डीडीटीच्या फवारणीचे प्रयोग सुरू झाले. हिवतापाचा डास रक्त पिऊन भिंतीवर विसावतो, म्हणून भिंतच विषारी करायची, अशी ही युक्ती. १९५३ मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रम झाली. वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज असलेल्या देशात १९६५ पर्यंत जेमतेम एक लाख रुग्ण उरले. पण १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डासांना विषाची सवय झाली होती, यंत्रणा सुस्तावली होती. आणि सणासुदीला सारवलेल्या मातीच्या भिंतीवर फवाऱ्याचा थर नव्या सारवणाखाली गाडला जाई, हेही होतेच.

धूर नव्या रूपात घरी परतला. जपानच्या एईचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांच्या भुकटीची उदबत्ती बनवली. ती फार लवकर जळून संपते म्हणून तिला वेटोळ्याचा आकार देण्याची कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची. फुलाची जागा पुढे कृत्रिम ॲलेथ्रिनने घेतली आणि तेच रसायन विजेच्या यंत्रातही शिरले. वेटोळे स्वस्त असते आणि भारनियमनाच्या रात्रीही चालते. पण २००३ च्या एका अभ्यासानुसार एक वेटोळे जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण सोडते. बंद खोलीत ते लावून झोपणे शहाणपणाचे नाही.

इथवरची बहुतेक साधने रात्रीच्या डासासाठी घडली. शहराला आज छळणारा डेंग्यूचा डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस इजिप्ती, दिवसाचा आहे. सकाळचे पहिले काही तास आणि सूर्यास्तापूर्वीचा काळ ही त्याची वेळ. तो भिंतीपेक्षा टांगलेल्या कपड्यांत आणि पलंगाखालच्या अंधारात विसावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे याच शहराला, नहर-ए-अंबरीचे पाणी जमिनीखालून वाहत येई. ते शेवटी हौदांतच पडे, त्यामुळे तो काळ डासमुक्त होता असे मानायचे कारण नाही. पण आज जायकवाडीचे पाणी वस्त्यांना कित्येक दिवसांआड मिळते, आणि मे २०२२ मध्ये त्यासाठी जलआक्रोश मोर्चा निघाला होता. म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. पिंपाला घट्ट झाकण नसेल, तर पुढचे पाणी येईतो पिंपातून डास उडू लागतात.

मलमांची तुलना २००२ मध्ये नेमक्या याच डासावर झाली. सुमारे २४ टक्के डीट असलेल्या मलमाने सरासरी पाच तास संरक्षण दिले. सिट्रोनेला तेलाची उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत, आणि मनगटावर बांधायचे सुगंधी पट्टे तर अर्धे मिनिटही नाहीत. म्हणून वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द शोधण्यापेक्षा रसायनाचे नाव आणि टक्केवारी वाचावी. भारतातील जुन्या परिचित मलमात, ओडोमॉसमध्ये, डायइथाइल बेंझामाइड १२ टक्के असते.

घराघरांत द्रवाचे यंत्र रात्री दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला बंद केले जाते. एडिसचा दिवस त्याच सुमारास सुरू होतो, मुले शाळेला निघतात तेव्हा.